सप्लाय चेन म्हणजे नेमकं काय, सोलापुरातल्या मालावरून सांगतो

बीकॉम, बीबीए झालेली पोरं भेटली की हल्ली एक प्रश्न हमखास येतोय, दादा ते सप्लाय चेन मॅनेजमेंटचा कोर्स करू का, त्यात नेमकं असतंय काय, आणि सोलापुरात राहून त्याचा काही उपयोग होईल का. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका युनिटमध्ये परचेस आणि डिस्पॅच बघतो म्हणून हे माझ्याकडं येतात, पण चौकात उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, निवांत वाचा.

पहिल्यांदा एक गैरसमज काढू. सप्लाय चेन म्हणजे ट्रान्सपोर्ट आणि गोडाऊन असं बऱ्याच जणांना वाटतं. गाडी लावणं, बिल्टी करणं, माल उतरवून घेणं हे त्यातलंच काम आहे पण तो एक तुकडा झाला. कुठली वस्तू किती घ्यायची, कधी घ्यायची, कुणाकडून घ्यायची, कुठं किती साठवायची आणि पुढच्या पार्टीला कुठल्या तारखेचा शब्द द्यायचा, हे सगळं एकमेकांशी जुळवणं म्हणजे सप्लाय चेन मॅनेजमेंट. आणि हे आपल्या कारखान्याच्या गेटपाशी संपत नाही, आपल्या अलीकडं चार पार्ट्या असतात पलीकडं चार असतात, त्यातली एक जरी लटकली तरी सगळेच लटकतात.

आता घरात वाळत घातलेला टॉवेल घ्या आणि त्याला मागं मागं नेत चला. कापूस विदर्भातला, मराठवाड्यातला, तेलंगणातला किंवा गुजरातचा. पेरणी जून-जुलैत आणि वेचणी ऑक्टोबरच्या आसपास सुरू होऊन पुढं कितीतरी दिवस चालते, तीही एका दमात नाही, बोंडं फुटतील तशी. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, रुईची १७० किलोची गाठ बांधली जाते, ती सूतगिरणीत जाते, तिथून काउंटप्रमाणं, म्हणजे जाडी-बारकीप्रमाणं सूत निघतं, राज्यातल्या गिरण्यांतून आणि दक्षिणेकडच्या गिरण्यांतून ते सोलापुरात येतं. मग रंगणी, मग वॉर्पिंग म्हणजे उभं सूत (ताणा) ओळीनं ताणणं, ते बीमवर म्हणजे मोठ्या रुळावर भरणं, मग माग, मग कटिंग, कडेची शिलाई, चेकिंग, पॅकिंग. टेरी टॉवेलला दोन बीम लागतात, एक खालच्या कापडाचा आणि एक वरच्या लुपांचा, आणि लुपांच्या बीमला खालच्यापेक्षा कितीतरी पट लांब ताणा लागतो. त्यामुळं गिऱ्हाईकानं फोनवर नुसतं "जीएसएम जरा वाढवा" म्हटलं, म्हणजे दर चौरस मीटरमागचं वजन वाढवा म्हटलं, की ते वजन मुख्यतः लुपांत जातं, म्हणजे सुताचा सगळा हिशोब नव्यानं करावा लागतो. टॉवेल बघणाऱ्याला तो फक्त थोडा जाड वाटतो.

सोलापूरची खासियत अशी की यातल्या बऱ्याच टप्प्यांचा मालक वेगळा आहे. सूत व्यापारी वेगळा, डाईंगवाला वेगळा, वॉर्पिंगवाला वेगळा, माग कुणाचे तरी, शिलाई बऱ्याचदा घरी बसून बायका करतात, आणि विकणारा आणखी कुणी. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पिढ्यान् पिढ्या हे गाव विणत ठेवलं, सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआय मानांकन, म्हणजे इथलाच खास माल अशी सरकारी ओळख आहे, हे सगळं अभिमानाचंच आहे. पण हात बदलले की प्रत्येक ठिकाणी वाट बघणं आलं. एका टॉवेलवर प्रत्यक्ष मशीन चालण्याचा वेळ बघितला तर थोडाच भरतो, बाकीचा काळ तो सूत म्हणून, बीम म्हणून किंवा तागा म्हणून कुणाच्या तरी कोपऱ्यात पडून असतोय. या धंद्यात बऱ्याच जणांना मशीनचा स्पीड वाढवायची घाई असते. मला विचाराल तर आधी पडून राहण्याचा वेळ मोजावा, खरा पैसा तिथं अडकलेला असतो.

चेनमध्ये तीन गोष्टी वाहतात. माल पुढं जातो, पैसा मागं येतो, आणि तिसरी गोष्ट म्हणजे बातमी, म्हणजे काय विकलं, किती विकलं, काय विकलं जाणार आहे. माल दिसतो, पैशाच्या मागं सगळेच असतात, बातमीकडं कुणी नीट बघत नाही. या पोस्टमध्ये मला मुख्य तेच सांगायचंय, की चेनमध्ये ज्याच्यापर्यंत बातमी सगळ्यात उशिरा पोचते त्याच्याच अंगावर नुकसान येतं. आणि आपल्याकडं तो बहुतेक वेळा मागवाला असतो, शेतकरी असतो, नाहीतर विडी वळणारी बाई असते.

या विषयाचं नाव तसं नवीन आहे. किथ ऑलिव्हर नावाच्या सल्लागारानं १९८२ मध्ये फायनान्शियल टाइम्सला दिलेल्या मुलाखतीत सप्लाय चेन मॅनेजमेंट हा शब्द वापरला आणि तिथून तो पसरला. काम त्याच्या फार आधीपासूनचं. एकावेळी किती माल मागवला की खर्च कमीत कमी होतो याचं गणित फोर्ड हॅरिसनं १९१३ मध्येच मांडलं होतं, आज कोर्समध्ये ईओक्यू म्हणून शिकवतात ते हेच.

आता बातमी बिघडली की काय होतं ते एका उदाहरणावर बघू, आकडे समजण्यापुरते घेतलेत. हैदराबादच्या एका दुकानात महिन्याला १०० डझन टॉवेल जातात. लग्नसराईत एका महिन्यात ११० गेले. दुकानदाराला वाटलं डिमांड वाढतीय, जवळ थोडा जास्त असावा म्हणून त्यानं १२० मागवले. होलसेलरला ११० कुठं दिसतात, त्याला दिसतात १२०, तो म्हणाला माल उचलतोय, त्यानं सोलापूरच्या व्यापाऱ्याला १४५ ची ऑर्डर टाकली. व्यापाऱ्यानं कारखान्याला १७५ सांगितले, कारण दिवाळीत माल मिळाला नव्हता तो राग डोक्यात. कारखान्यानं सूत घेतलं २०० डझनाचं, त्यात सूतवाला सांगत होता की भाव वाढणार. पुढच्या महिन्यात दुकानात परत १०० च गेले. आता दुकानातही माल आहे, होलसेलरकडंही आहे, व्यापाऱ्याकडंही आहे, मग कोण मागवणार? ऑर्डर एकदम शून्य. दुकानात फरक पडला दहा डझनाचा आणि इकडं माग बंद. मागावरच्या कामगाराला पीसवर मजुरी असते, माग बंद म्हणजे त्या आठवड्याची मजुरी बंद, आणि त्याला कुणी सांगत नाही की हे का झालं, तो आपला म्हणतो यंदा मंदी आहे.

याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. अमेरिकेतल्या एमआयटीच्या जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हा प्रकार मांडला आणि १९९७ मध्ये हाऊ ली आणि सहकाऱ्यांचा त्यावरचा लेख गाजला. प्रॉक्टर अँड गॅम्बलचं उदाहरण त्यात प्रसिद्ध आहे, लहान मुलांच्या डायपरचं. मुलं काही एका महिन्यात जास्त आणि दुसऱ्या महिन्यात कमी डायपर वापरत नाहीत, दुकानातली विक्री बऱ्यापैकी सपाट होती, तरी कंपनीकडं वितरकांकडून येणाऱ्या ऑर्डर वरखाली होत होत्या आणि कंपनी कच्च्या मालाच्या ऑर्डर टाकायची त्या आणखीनच वरखाली. म्हणजे एवढ्या मोठ्या कंपनीलाही हे चुकलं नाही. ली यांनी कारणंही सांगितली, प्रत्येक जण स्वतःचा वेगळा अंदाज बांधतो, ऑर्डर साठवून एकदम टाकतो, स्कीम आली की गरज नसताना भरून ठेवतो, आणि माल तुटणार असं कळलं की लागेल त्यापेक्षा जास्त मागतो. ही चारही कारणं आपल्या बाजारपेठेत एका आठवड्यात बघायला मिळतील. सुताची टंचाई आली की एकाच गरजेसाठी तीन व्यापाऱ्यांकडं ऑर्डर देणारे आणि माल आला की दोन कॅन्सल करणारे लोक मी रोज बघतो, आणि त्या तीन ऑर्डरी बघून गिरणीला वाटतं मागणी तिप्पट झाली.

उपाय ऐकायला साधा आहे, दुकानात खरी किती विक्री झाली तो आकडा मागं मागं सगळ्यांना दिसला पाहिजे. करायला मात्र फार अवघड, कारण व्यापारी आपला आकडा दाखवत नाही, त्याला वाटतं आकडा दिला की समोरचा भाव वाढवेल किंवा थेट माझ्या गिऱ्हाईकाकडं जाईल. ही भीती खोटी नाही. म्हणून मी म्हणतो की सप्लाय चेन हा अर्धा हिशोबाचा आणि अर्धा विश्वासाचा विषय आहे, आणि कोर्समध्ये पहिला अर्धाच शिकवतात.

दुसरी गोष्ट म्हणजे साठा. सेफ्टी स्टॉक हा शब्द पुस्तकात आला की पोरं घाबरतात, पण सोलापूरच्या माणसाला तो आईनं शिकवलेला असतो. कितीतरी वर्षं आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांआड पाणी आलंय, त्यामुळं घराघरात टाकी आहे, बॅरल आहे, वरून घागरी आणि कळशा भरलेल्या. आता विचार करा, पाणी बरोबर चौथ्या दिवशी सकाळी सहालाच येणार अशी खात्री असती तर चार दिवसांपुरतं साठवून भागलं असतं. वरचं एक बॅरल आपण कशासाठी भरतो? कारण कधी पाचवा दिवस उजाडतो, कधी रात्री दोनला येतं, कधी प्रेशर नसतं, आणि त्यात गावाकडून पाहुणे आले तर खर्च वाढतो. म्हणजे जादा साठा किती ठेवायचा हे सरासरीवर कमी आणि बेभरवशीपणावर जास्त ठरतं, पुरवठ्याचाही आणि खपाचाही. आणि साठ्याची किंमतही मोजावी लागते, जागा जाते, पाणी जास्त दिवस राहिलं की डास होतात आणि डेंग्यू येतो. कारखान्यात तसंच आहे, सूतवाला सांगितलेल्या तारखेला माल देत असेल तर मी आठवड्याचं सूत ठेवीन, तो कधी चार दिवसांनी कधी वीस दिवसांनी देत असेल तर मला महिन्याचं ठेवावं लागतं, त्यावर बँकेचं व्याज चालू, आणि मधेच भाव पडला तर महागाचं सूत घरात.

भावाचं २०२२ सालचं उदाहरण आहे. २०२१ च्या सुरुवातीला कापसाची खंडी, म्हणजे ३५६ किलो रुई, पन्नास हजारांच्या आत होती, आणि २०२२ च्या मे महिन्यात ती एक लाखाच्या वर गेली. एप्रिल २०२२ मध्ये सरकारनं कापसाच्या आयातीवरचं शुल्क काढलं तरी लगेच फरक पडला नाही, कारण बाहेरून कापूस यायला वेळ लागतो. ज्यांनी आधी टॉवेलचा भाव फिक्स करून ऑर्डर घेतल्या होत्या त्यांना जुन्या भावात माल द्यायचा होता आणि सूत नव्या भावानं घ्यायचं होतं. पुढं कापूस उतरला तेव्हा महागाचं सूत भरून बसलेले अडकले. ऑर्डर घेणं आणि सूत घेणं यात जितके दिवस जातील तितका हा धोका मोठा होत जातो, म्हणून ऑर्डर फायनल झाली की निदान त्यातल्या मोठ्या हिश्श्याचं सूत त्याच दिवशी बांधून घ्यावं असं माझं मत आहे, भले दोन रुपये जास्त पडोत.

कधी कधी सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात महाग पडते. आमच्याकडं एकदा एक्स्पोर्टची ऑर्डर होती, माल विणून, शिवून, चेक होऊन तयार, कार्टन तयार, आणि टॉवेलला लावायची विणलेली लेबलं बाहेरून यायची ती आली नाहीत. एका लेबलाची किंमत पैशात. पण लेबल नाही म्हणजे कडेची शिलाई उसवून परत करावी लागणार, पॅकिंग थांबलं, कंटेनरची तारीख गेली, आणि लाखोंचा माल हॉलमध्ये बसून राहिला. २०२१ मध्ये जगभर मोटारींचं असंच झालं होतं, गाड्या तयार पण छोट्या छोट्या चिप नाहीत, आपल्याकडंही लोक महिनोन् महिने गाडीची वाट बघत होते. म्हणून परचेस बघणाऱ्यानं किमतीवरून वस्तूचं महत्त्व ठरवू नये, ती नसली तर काय काय थांबेल यावरून ठरवावं. लेबल, कार्टन, पॉलीबॅग, शिलाईचा दोरा यांची यादी मी आता सुताच्याही आधी बघतो.

समुद्राचं थोडक्यात सांगतो कारण त्यावर बातम्यांत भरपूर आलंय. २६ एप्रिल १९५६ ला माल्कम मॅकलीन यांनी आयडियल एक्स नावाच्या जहाजावर ५८ कंटेनर चढवून न्यूआर्कहून ह्यूस्टनला नेले आणि तिथून मालवाहतुकीचा चेहरा बदलला, गाठोडी एकेक करून उचलायचं काम गेलं. आज सोलापुरातून कंटेनर न्हावाशेवाला जातो, १९८९ मध्ये सुरू झालेलं ते बंदर आपल्या एक्स्पोर्टचा दरवाजाच आहे. पण मार्च २०२१ मध्ये एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस अख्खा कालवा बंद. नंतर २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, साधारण दहा ते चौदा दिवस जास्तीचे आणि भाडंही वाढलेलं. दुबईला जाणाऱ्या टॉवेलला त्याचा थेट त्रास नव्हता, युरोपच्या मालाला होता. आपली चेन कुठल्या रस्त्यानं जाते हे माहीत असेल तरच बातमी वाचून कळतं की काळजी कुणी करायची.

आता कांदा. माझ्या मते आपल्या भागातली सगळ्यात अवघड चेन हीच, आणि सगळ्यात जास्त अन्यायही इथंच होतो. सोलापूर बाजार समितीत नोव्हेंबर ते जानेवारीत लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते, दक्षिणेकडचे खरेदीदार इथं माल घेतात. पण हा खरिपाचा लाल कांदा टिकत नाही. उन्हाळी कांदा चाळीत चार-पाच महिने राहतो, शेतकरी भावाची वाट बघू शकतो. लाल कांदावाल्याकडं वाट बघायची सोयच नाही, काढला की विकायचाच, मग त्या दिवशी आवक किती आली यावर त्याच्या चार महिन्यांच्या कष्टाची किंमत ठरते. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा विकला, किलोला एक रुपया भाव मिळाला, आणि गाडीभाडं, हमाली, तोलाई असे मिळून ५०९ रुपयांच्या वर कापले गेल्यावर त्याच्या हातात दोन रुपयांचा चेक पडला. ही बातमी देशभर झाली, लोक हळहळले आणि विसरले. पण सप्लाय चेन शिकायची असेल तर ती पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, समोर ठेवून शिकावी. गाडीवाल्याचा दर ठरलेला, हमालाचा ठरलेला, तोलाईचा ठरलेला, आणि ते सगळे आपल्या कष्टाचेच पैसे घेतात, त्यांचा दोष नाही. सगळ्यांचं भागवून जे उरेल ते ज्यानं पिकवलं त्याचं, म्हणजे अख्ख्या चेनची अनिश्चितता एकाच माणसाच्या डोक्यावर. हमीभाव, साठवण, प्रक्रिया यावर लोक वाद घालतात, घालू देत, पण ही रचना अशी आहे हे तरी आधी कबूल करायला पाहिजे.

आणि बातमीचा मुद्दा कांद्यात फारच टोचतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं कांदा निर्यात बंद केली. त्यावेळी शेतातून निघणारा कांदा तीन-चार महिन्यांपूर्वी लावलेला होता, तेव्हा निर्यात चालू होती, त्या हिशोबानं लोकांनी खर्च केला होता. पीक यायला चार महिने आणि नियम बदलायला एक रात्र. मे २०२४ मध्ये बंदी उठली ती टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शहरातल्या गिऱ्हाईकाला कांदा स्वस्त मिळावा हे मलाही मान्य आहे, पण ज्या वस्तूला तयार व्हायला चार महिने लागतात तिचा नियम निदान एक हंगाम आधी कळला पाहिजे, हे मागायला काय हरकत आहे?

ऊस उलट्या प्रकारचा आहे. तिथं भाव बऱ्यापैकी माहीत असतो, घाई वेळेची असते. तोडलेला ऊस साधारण चोवीस तासांत गाळला गेला पाहिजे, नाहीतर वजनही घटतं आणि साखरही. म्हणजे ऊसतोड टोळी, ट्रॅक्टर, वजनकाटा आणि गव्हाण, म्हणजे कारखान्यात ऊस टाकायची जागा, या चौघांचा वेळ जुळला पाहिजे. आपल्या जिल्ह्यात कारखाने खंडीभर, हंगामात रस्त्यावर उसाच्या गाड्यांच्या रांगा दिसतात ना, ती प्रत्येक रांग म्हणजे कुठंतरी जुळणी चुकलेली असते आणि त्या रांगेत शेतकऱ्याचं वजन वाळत असतं.

डाळिंबवाल्यांचं मात्र मला कौतुक वाटतं. बागेला पाणी तोडून ताण द्यायचा आणि मृग, हस्त किंवा आंबे बहार धरायचा, म्हणजे फळ कुठल्या महिन्यात बाजारात येणार हे शेतकरी स्वतः ठरवतो. कारखान्यात ज्याला प्रॉडक्शन प्लॅनिंग म्हणतात ते सांगोल्याचा शेतकरी झाडावर करतो, आणि वर तेल्या रोगाची टांगती तलवार. किसान रेल्वेची शंभरावी गाडी २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला सुटली. २०२५ च्या मार्चमध्ये भगवा डाळिंब समुद्रमार्गे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला पोचलं, पाचेक आठवड्यांचा प्रवास करून. विमानानं पाठवलं की भाडंच फळाला खाऊन टाकतं, समुद्रानं पाठवायचं तर फळ तेवढे दिवस टिकलं पाहिजे, आणि ते टिकवायच्या कामात आपल्या केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राचा हात आहे. फळ टिकायचे दिवस वाढले की बाजाराचा नकाशाच मोठा होतो.

विडीबद्दल लिहिलं नाही तर सोलापूरची पोस्ट पूर्ण होणार नाही. तेंदूपत्ता उन्हाळ्यातल्या थोड्याच आठवड्यांत जंगलातून गोळा होतो, पावसाळा लागायच्या आत, आणि विडी वर्षभर वळली जाते. म्हणजे वर्षाचा कच्चा माल एका दमात विकत घ्यायचा, त्यात पैसा अडकवायचा, आणि तो सडू न देता ठेवायचा. पान चांगलं निघालं तर ठीक. वाईट निघालं की बाईला वजनावर दिलेल्या पानात ठरलेल्या हजार विड्या बसत नाहीत, आणि कमी पडणारं पान तिला बऱ्याचदा पदरचे पैसे घालून आणावं लागतं. परत तपासताना विड्यांची छाट काढली जाते, म्हणजे नापास म्हणून बाजूला टाकतात, ती वेगळीच. पान कुठल्या जंगलातलं घ्यायचं हे तिनं ठरवलेलं नसतं, गोडाऊनमध्ये ते कसं ठेवलं हेही तिनं बघितलेलं नसतं, आणि खराब पानाचा खर्च मात्र तिच्या मजुरीतून निघतो. सप्लाय चेन मॅनेजमेंटमध्ये धोका कुणी उचलायचा हा प्रश्न असतो, आपल्या शहरात हजारो बायका तो रोज मांडीवरच्या सुपात उचलतायत.

पैशाचं एक सांगतो आणि मग कोर्सकडं येतो. माल गेला, बिल गेलं, आणि पेमेंट नव्वद दिवसांनी, हे आपल्याकडं रीतच होऊन बसलंय. कायदा मात्र स्पष्ट आहे, २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणं लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, आणि करार नसेल तर १५. नंतर आयकर कायद्यात कलम ४३बी मध्ये एच हे पोटकलम आलं, त्यामुळं २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न देणाऱ्याला तो खर्च पैसे देईपर्यंत हिशोबात वजा करून मिळत नाही. तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे अशा उद्योगाची सरकारी नोंद, नसेल तर ते आधी करून घ्या, मागमालकांनी तर नक्कीच. नुसत्या व्यापाऱ्याला याचा फायदा नाही, उत्पादन आणि सेवा देणाऱ्याला आहे. पैसा उशिरा आला की सूत उधारीवर घ्यावं लागतं, उधारीचं सूत महाग पडतं, आणि ते महागडेपण शेवटी मजुरीतून कापलं जातं, असं ते साखळीनं खाली येतं.

तर कोर्स करायचा का? करा, पण फीसाठी कर्ज काढण्याआधी दोन गोष्टी करा. एक, एक्सेल पक्कं शिका, पिव्होट टेबल आणि लूकअप आलंच पाहिजे, कारण आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांत सप्लाय चेन आजही एक्सेलवरच चालते. दुसरी गोष्ट, पंधरा दिवस पहाटे मार्केट यार्डात जाऊन उभे राहा, आवक, भाव आणि गाड्या बघा, नाहीतर एखाद्या युनिटमध्ये फुकट का होईना डिस्पॅचला बसा. त्यानंतर पुस्तकातली व्याख्या वाचली तर प्रत्येक ओळीला तुमच्याकडं एक चेहरा असेल.

आणि जे आधीच या कामात आहेत, छोट्या युनिटमध्ये परचेस बघतायत, त्यांच्यासाठी, कुठलंही सॉफ्टवेअर घ्यायच्या आधी एक वही घाला. चार रकाने पुरतात. ऑर्डर दिल्याची तारीख, समोरच्यानं सांगितलेली तारीख, माल खरंच आला ती तारीख, आणि किती कमी आला. सूतवाला, डाईंगवाला, लेबलवाला, कार्टनवाला, सगळ्यांचं लिहा. दोन-तीन महिन्यांत दिसायला लागेल की कोण शब्दाला पक्का आहे आणि कुणासाठी आपण उगाच महिन्याचा स्टॉक भरून बसलोय. मग ती वही घेऊन त्या पार्टीकडं जा, भांडायला नाही, तुमच्या पुढच्या दोन महिन्यांच्या ऑर्डरचा खरा आकडा त्यांना द्या आणि बदल्यात पक्की तारीख मागा. आमच्या डाईंगवाल्यानं अशीच आठवड्याची तारीख बांधून दिली, आणि बदल्यात त्यानं आमच्याकडून दर शनिवारी पुढच्या आठवड्याच्या शेड्सची यादी मागून घेतली, ती आजही दर शनिवारी जाते.